तडा कधी पडला? घराचा भूकंप विमा आणि क्लेमबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पाचगावात २०१४ साली बांधलेला बंगला, २०२० साली त्यावर एक मजला चढवला. घरावर बँकेचं कर्ज, आणि विमाही बँकेनंच उतरवून दिलेला. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे भूकंपाचा हलका धक्का बसला. सकाळी हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यातून वर गेलेला तिरका तडा आणि जिन्याजवळ एक उभी भेग दिसली. एजंट म्हणतो, "साहेब, ही फायर पॉलिसी आहे, भूकंप यात बसत नाही." मग क्लेम मिळेल का? आणि शिवाजी पेठेत आईचं जुनं घर आहे, त्याचा विमा कसा काढायचा?

मी कोल्हापूर-सांगली भागात पंचवीसेक वर्षं सर्व्हेअर म्हणून काम करतो. क्लेम आला की विमा कंपनी ज्याला टेप आणि कॅमेरा घेऊन पाठवते, तो माणूस. म्हणून पहिल्यांदा तुमचा प्रश्नच जरा बदलतो. भूकंप पॉलिसीत आहे की नाही, याचं उत्तर कागद पाहून पाच मिनिटांत मिळतं. दारात आल्यावर माझ्यासारख्याच्या मनात वेगळाच प्रश्न असतो : हा तडा पडला कधी? बहुतेक घरांच्या क्लेमची गाडी तिथंच अडते.

आधी ती पाच मिनिटं. पॉलिसी काढा आणि तिची तारीख बघा. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं घरांसाठी 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी सगळ्या कंपन्यांना बंधनकारक केली. तिच्यात आग, वीज, पूर, वादळ, दरड यांच्यासोबत भूकंप मुळातच धरलेला आहे, वेगळा मागावा लागत नाही. त्याआधीची पॉलिसी असेल तर ती 'स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स' या जुन्या साच्यातली असणार. त्या साच्यात पूर आत होता, पण भूकंप जादा प्रीमियम भरून जोडून घ्यावा लागायचा. तुमचा एजंट त्याच जुन्या काळात अडकलाय, किंवा तुमची पॉलिसी खरोखर जुनी आहे. बँका कर्जासोबत एकदम दहा-पंधरा वर्षांची पॉलिसी काढून देतात, म्हणून २०१४ ची पॉलिसी आजही चालू असू शकते. तसं असेल तर शेड्यूलच्या, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या, पानावर भूकंपासाठी वेगळा प्रीमियम लावलाय का, ते बघा. लावला नसेल तर एजंटचं म्हणणं बरोबर आहे, आणि मग या तड्यांच्या क्लेमचा विषय तिथंच संपतो.

आणखी एक घोळ मी नेहमी बघतो. बँकेतून आलेला कागद घराचा विमाच नसतो, कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. कर्जदार गेला तर कर्ज फिटावं म्हणून. घराच्या भिंतींशी त्याचा काही संबंध नाही. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये, एकाच दिवशी सह्या केलेले, त्यामुळे माणूस वर्षानुवर्षं समजून चालतो की घर विम्यात आहे. तुमचा कागद नक्की कशाचा, हे आजच बघून घ्या.

आता तड्याकडे येतो.

काही वर्षांपूर्वी कळंब्याजवळच्या एका घरी असाच धक्क्यानंतरचा क्लेम आला. मालक सरळ माणूस, मनापासून सांगत होता की हॉलचा तडा धक्क्यानंतरच दिसला. मी खिशातलं व्हिजिटिंग कार्ड काढून तड्यात सरकवलं, टॉर्च मारला. भिंतीचा रंग क्रीम होता, पण तड्याच्या आतल्या कडांवर निळा रंग उतरलेला दिसत होता. म्हणजे भिंत निळी होती तेव्हाही तडा होताच, रंगाऱ्यानं लांबी (पुट्टी) भरून वरून क्रीम मारला होता. मालक काही बोलला नाही. त्याची बायको मात्र हळूच म्हणाली, "निळा रंग आमच्या लग्नाच्या वेळचा." तो तडा मी क्लेममधून वगळला. त्याच घरात स्वयंपाकघराच्या भिंतीला दोन खिडक्यांच्या मधे फुलीसारखा तडा होता, कडा धारदार, आतली वीट लालभडक, धुळीचा कण नाही. तो मान्य केला. धक्क्यानं खरं काय केलं होतं, तर जुन्या तड्यातली लांबी पाडली होती. म्हणून तो 'नवा' दिसला.

भिंत वाचायला शिकलात तर निम्मा क्लेम तुम्हालाच कळतो. भूकंपात भिंत आडवी ढकलली जाते, म्हणून तडे तिरके पडतात, खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघतात, आणि हादरा दोन्ही बाजूंनी बसला की फुली होते. छताच्या लगेच खाली भिंतीच्या माथ्यावर सरळ आडवी रेष असेल तर ती उन्हानं स्लॅब ताणला-आकसला त्याची. विटांच्या सांध्यांतून जिन्याच्या पायऱ्यांसारखा उतरत जाणारा तडा बहुतेकदा पाया खचल्याचा. आपल्याकडं पंचगंगेच्या खोऱ्यात काळी माती भरपूर आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, घरही तिच्याबरोबर वरखाली होतं. जुनं आणि नवं बांधकाम जिथं जोडलेलं असतं तिथली उभी भेग तर जवळजवळ ठरलेलीच.

म्हणून तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा : जिन्याजवळची उभी भेग २०२० च्या मजल्याची असावी, भूकंपाची नव्हे. खिडकीच्या कोपऱ्यातला तिरका तडा मात्र दाखवण्यासारखा आहे. पण हा अंदाजच. तिथं पाया खडकावर आहे की भरावावर, कॉलम आहेत की नुसत्या विटांच्या भिंतींवर वरचा मजला उभा आहे, यावर सगळं फिरतं. नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं, भराव खचणं, सदोष बांधकाम या गोष्टी पॉलिसी जमीन खचण्याच्या कलमातून स्पष्ट शब्दांत वगळते, आणि सर्व्हेअर ते कलम पाठ करूनच येतो. दोन्ही तडे एकाच क्लेममध्ये भूकंपाचे म्हणून रेटलेत तर खरा तडाही संशयाखाली जाईल. सरळ लिहा : हा तडा धक्क्यानंतर दिसला, ही भेग आधी होती की नाही ते सांगता येत नाही. सर्व्हेअरला असा माणूस भेटला की तो पुढच्या गोष्टींवर विश्वास ठेवतो. माझा तरी अनुभव तसाच आहे.

मुदतीचं आता. नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत क्लेम फॉर्म भरून द्यायचा, असं भारत गृह रक्षाच्या अटींत आहे. तुमचे तीन आठवडे गेले, म्हणजे हातात आठ-नऊ दिवस. एजंटमार्फत निरोप देऊ नका. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर कळवा आणि त्याच दिवशी ईमेलही करा : पॉलिसी नंबर, धक्क्याची तारीख-वेळ, काय नुकसान दिसतंय, चार फोटो. क्लेम नंबर मिळाला की तो लिहून ठेवा. आणि समजा ३० दिवस उलटून गेलेच, तरी गप्प बसू नका. खरा क्लेम केवळ उशिरा कळवला एवढ्याच कारणावरून नाकारू नये, असं नियामकानं २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलंय. उशीर का झाला ते लिहावं लागतं, एवढंच.

धक्का खरंच बसला होता, याचा पुरावा जमवणं सोपं आहे. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदलेल्या धक्क्याची वेळ, तीव्रता, केंद्र आणि खोली मिळते. त्या पानाची प्रत काढून क्लेमला जोडा. मात्र तीच नोंद तुमच्या विरुद्धही जाऊ शकते. कोयना-वारणा पट्ट्यात लहान धक्के अधूनमधून बसतच असतात. कोयनानगर आपल्यापासून सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटरवर आहे. तिथल्या तीन-साडेतीन तीव्रतेच्या धक्क्यानं पाचगावात कपाटाची काच थरथरेल, चांगल्या बांधलेल्या भिंतीला तडा जाणं अवघड. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप सहाच्या वरचा होता. तो वेगळा हिशेब. म्हणून नोंद काढाल तेव्हा आकडा बघून आपल्या मनाशी प्रामाणिक राहा.

सर्व्हेअर येईपर्यंत भिंत बुजवू नका. हे सांगूनही लोक करतातच. घरी पाहुणे येणार, लग्न आहे, वास्तुशांत आहे, आणि गवंडी बोलावून सिमेंट मारून मोकळे. मग मी बघायचं काय? धोका असेल तर टेकू लावा, ताडपत्री टाका, सुटलेला प्लास्टर पाडा, पण आधी फोटो आणि पाडलेले तुकडे पोत्यात भरून ठेवा. त्या तात्पुरत्या कामाची बिलं जपून ठेवा. फोटो काढताना एक लांबून, ज्यात कुठली खोली ते कळेल, आणि एक जवळून, शेजारी पट्टी किंवा नाणं धरून. नुसता तड्याचा क्लोजअप कुठल्याही घराचा असू शकतो.

तुम्ही कळवल्यापासून २४ तासांत कंपनीनं सर्व्हेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा, आणि अहवाल मिळाल्यावर सात दिवसांत कंपनीनं निर्णय कळवायचा, असं २०२४ च्या नियमांत आहे. मोठी आपत्ती आली की असं वेळापत्रक ताणलं जातं, ते आम्ही २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात पाहिलं. तुमच्यासारख्या एकट्या क्लेमला सबब नाही. सर्व्हेअर येईल तेव्हा स्वतःचा सिव्हिल इंजिनिअर हजर ठेवा आणि त्याचं बाबनिहाय अंदाजपत्रक तयार ठेवा : किती चौरस मीटर प्लास्टर, किती रनिंग मीटर तडा भरणं, रंग किती. "दुरुस्ती एकूण दोन लाख" असा गवंड्याच्या लेटरहेडवरचा एका ओळीचा कागद मी बाजूला ठेवतो. इंजिनिअर, आर्किटेक्ट, सर्व्हेअर यांची फी क्लेमच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा हलवण्याचा खर्च २ टक्क्यांपर्यंत पॉलिसीतच धरलेला आहे. तो मागायचा राहू देऊ नका. अहवालाची प्रतही मागा, ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे.

तलाठ्याचा पंचनामा लागतो का, असं बरेच जण विचारतात. सरकारी मदतीसाठी तो लागतो. विम्याला तो अट नाही, पण मोठ्या नुकसानीत जोडलात तर बाजू मजबूत होते. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. एकीचा कागद दुसरीकडं चालेल म्हणून थांबून राहू नका.

आता विम्याची रक्कम, कारण खरा पैसा इथं अडकतो. तुम्ही लिहिलंय की पॉलिसी ६० लाखांची आहे, "घराची किंमत तेवढीच आहे म्हणून." त्या ६० लाखांत प्लॉटही आलाय ना? प्लॉट भूकंपात कुठं जात नाही. घराची विमा रक्कम म्हणजे ते घर आजच्या दरानं पुन्हा बांधायचा खर्च. पॉलिसीतलं सूत्रही तसंच आहे : कार्पेट क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा चालू दर. समजा ११०० चौरस फूट आणि दर २२०० रुपये धरला, तर २४ लाख २० हजार. दर तुमच्या इंजिनिअरकडून घ्या, माझा आकडा केवळ उदाहरणाचा आहे. यात कंपाउंडची भिंत, पाण्याच्या टाक्या, छतावरचं सोलर यांचाही खर्च मिळवा. त्या वस्तू पॉलिसीत बसतात, पण लोक रकमेत धरत नाहीत. ६० लाखांवर प्रीमियम भरत राहिलात तरी नुकसानीपेक्षा जास्त मिळणार नाही.

उलट बाजूची चूक जास्त महागात पडते. बँका कधी कधी फक्त कर्जाच्या रकमेएवढा विमा काढतात. जुन्या पॉलिसीत यावर कात्री लागायची : घर २४ लाखांचं आणि विमा १२ लाखांचा, तर ४ लाखांच्या नुकसानीला २ लाखच मिळायचे. भारत गृह रक्षात ही प्रमाणाची कात्री काढून टाकलीय, हा तिचा सगळ्यांत मोठा गुण असं मी म्हणेन. तरी एकूण मर्यादा विमा रकमेचीच राहते. तुमचा २०२० चा मजला पॉलिसीत नोंदवलेला आहे का? नसेल तर एन्डॉर्समेंट करून घ्या, म्हणजे चालू पॉलिसीला जोडपत्र. नोंद नसलेल्या मजल्यावर वाद घालण्यात मी बऱ्याच दुपारी घालवल्यात, आणि त्यात मालक क्वचितच जिंकतो.

मुदत घेताना लांबची घ्या. ही पॉलिसी दहा वर्षांपर्यंत मिळते, आणि एकाहून जास्त वर्षांच्या पॉलिसीत विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, सुरुवातीच्या रकमेच्या दुपटीपर्यंत, जादा प्रीमियम न भरता. दर वर्षी नूतनीकरणाची तारीख विसरण्याचा धोकाही जातो. घरातल्या सामानाला घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. वरच्या हिशेबानं ४ लाख ८४ हजार. दागिने त्यात नाहीत, ते वेगळे नोंदवावे लागतात. आणि एक बारीक कलम लोकांना माहीत नसतं : भूकंपानंतर घर उघडं पडलं आणि सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर तीही पॉलिसीत धरली जाते. शेड्यूलवर 'एक्सेस'चा रकाना असेल तर तोही वाचा. तेवढी रक्कम क्लेममधून कापली जाते, आणि तुमचं नुकसान त्याच्या आसपास असेल तर एवढी धावपळ करावी का, हा विचार करायला हरकत नाही.

घरावर बोजा आहे तोवर इमारतीच्या नुकसानीचे पैसे आधी बँकेच्या नावे निघू शकतात. बँकेशी बोलून दुरुस्तीसाठी ते सोडवून घ्यावे लागतात. कर्ज फिटल्यावर पॉलिसीवरचं बँकेचं नाव काढून टाकायला विसरू नका.

आईच्या घराबद्दल. शिवाजी पेठेतलं जुनं घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, सागवानी माळा आणि वर कौलं, असं धरून चालतो. विमा मिळतो, पण बांधकामाचा प्रकार प्रस्तावात खरा लिहा. "आरसीसी" लिहून प्रीमियम थोडा वाचेल आणि क्लेमच्या दिवशी सगळंच जाईल. २०१६ च्या मानकातल्या भूकंप-नकाशात कोल्हापूर तिसऱ्या पट्ट्यात होतं, कोयना चौथ्यात. पट्ट्यावर फार विसंबू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी कोसळली तेव्हा तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. माणसं मेली ती दगड-मातीच्या भिंती आणि मातीचं जड छत अंगावर पडून. तेव्हा त्या घराला विम्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर दाखवा, भिंती एकमेकींना बांधून घेण्याचा खर्च विचारा. आणि विमा उतरवण्याच्या दिवशीच सगळ्या भिंतींचा व्हिडिओ काढा, खोलीचं नाव तोंडानं सांगत. जुन्या घरात जुने तडे असणारच. ते आधीच नोंदवून ठेवलेत तर नवा कुठला हे पुढं भांडावं लागत नाही.

कागद कुठं ठेवायचे? २०१९ च्या पुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी तिथं ४३ फुटांची. पाणी उतरल्यावर शाहूपुरीतल्या एका घरी गेलो होतो. भिंतीवर छातीएवढी चिखलाची रेघ, आणि मालकीणबाई लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून पॉलिसीचा लगदा काढून दाखवत होत्या. पॉलिसी नंबर शोधण्यातच चार दिवस गेले. तुमच्या कागदांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, ईमेलवर टाका आणि एक प्रत गावाबाहेरच्या नातेवाइकाकडं द्या. पॉलिसी, बांधकाम परवाना, मालमत्ता पत्रक आणि भिंतींचा व्हिडिओ, एवढं पुरतं.

क्लेम नाकारला किंवा रक्कम फारच कमी दिली, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी लिहा. नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार टाकता येते. एक महिना उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं जा. कोल्हापूर त्यांच्या हद्दीत येतं, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं, एवढं लक्षात ठेवा. अर्धवट रक्कम देताना 'पूर्ण व अंतिम' अशा पावतीवर सही मागतील. पटत नसेल तर सहीशेजारी "हक्क राखून" असं हातानं लिहा.

आज संध्याकाळी एवढंच करा. पेन्सिल घेऊन दोन्ही तड्यांच्या टोकांवर आडवी खूण करा, शेजारी तारीख लिहा आणि फोटो काढा. जमलं तर तड्यावर आडवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ पट्टा लावा, त्यावरही तारीख. भूकंपाचा तडा एकदा पडला की तिथंच थांबतो. महिन्याभरात तडा खुणेच्या पुढं गेला किंवा पट्टा तडकला, तर घर अजून हलतंय. मग विमा कंपनीच्या आधी इंजिनिअरला फोन करा.